वाचकांचे प्रश्न : बसची रुंदी, वेळेची रजिस्टरे आणि मे महिन्यातली पत्र्याची पेटी

या वेळी निवडलेली पाचही पत्रे खानदेशातली आहेत आणि पाचही एकाच विषयाभोवती फिरतात : प्रोसेसरला बाहेरची मेमरी किंवा एखादे उपकरण जोडल्यावर त्या बसची, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या तारांच्या संचाची, रुंदी आणि तिच्या वेळा रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरच्या आतील मांडणीच्या छोट्या जागांत, कशा भरायच्या. चार पत्रांतील बोर्ड सॅमसंगच्या एस३सी२४४० या प्रोसेसरचा आहे. हा प्रोसेसर आता जुना झाला असला, तरी आपल्याकडील महाविद्यालयांत आणि छोट्या कारखान्यांत त्याचे बोर्ड अजून वापरात आहेत, आणि त्यावर शिकलेली गोष्ट नव्या प्रोसेसरवरही उपयोगी पडते. म्हणून उत्तरे थोडी सविस्तर देत आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी बोर्डाच्या बँक १ वर, म्हणजे बाहेरच्या मेमरीसाठी राखलेल्या पत्त्यांच्या एका विभागावर, आठ बिटांची एक एसरॅम (वीज असेपर्यंत मजकूर धरून ठेवणारी मेमरी) चिप जोडली आहे. सोळा बिटांची संख्या लिहून लगेच वाचली, तर ती बरोबर येते. हेक्स १२३४ लिहिले तर १२३४च मिळते. पण शंभर ठिकाणी लिहून मग वाचायला घेतले, की खालचा बाइट बरोबर येतो आणि वरचा बाइट बहुतेक वेळा एफएफ येतो. सोल्डरिंग दोनदा तपासले. चिपही बदलून पाहिली. रजिस्टरांच्या ओळी बोर्डासोबत आलेल्या नमुना प्रोग्रॅममधून घेतल्या आहेत.
— एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : तुमची चिप चांगली आहे आणि सोल्डरिंगही चांगले असावे. चूक तुम्ही उचललेल्या त्या ओळींत आहे. नमुना प्रोग्रॅम ज्या बोर्डासाठी लिहिला गेला, त्याच्या बँक १ वर सोळा बिटांचे उपकरण गृहीत धरले होते, आणि तुम्ही तेथे आठ बिटांची चिप बसवली.

रुंदीचे रजिस्टर नेमके काय करते, हे आधी पाहू. आपल्या भागातील जुन्या माणसांना पाचोरा-जामनेर ही अरुंद मापाची रेल्वे चांगली आठवते. तिच्या रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर होते आणि मुख्य मार्गावरील रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर. मोठ्या मार्गावरून आलेला माल जामनेरला न्यायचा, तर पाचोऱ्याला तो उतरवून लहान डब्यांत भरावा लागे आणि एका मोठ्या वाघिणीच्या मालाला अनेक लहान डबे लागत. प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर हेच पाचोऱ्याचे काम करतो. प्रोग्रॅमने बत्तीस बिटांची संख्या मागितली आणि बँक आठ बिटांची असली, तर तो बाहेर चार फेऱ्या करतो. सोळा बिटांची असली तर दोन, आणि बत्तीस बिटांची असली तर एकच. बाहेर किती रुंदीची चिप आहे हे त्याला स्वतःहून कळत नाही. रजिस्टरात जे लिहिले असेल तेच तो खरे मानतो.

तुमच्या बाबतीत त्याला बाहेर सोळा तारा आहेत असे सांगितले गेले आहे. म्हणून १२३४ लिहिताना त्याने एकच फेरी केली, ३४ खालच्या आठ तारांवर ठेवले आणि १२ वरच्या आठ तारांवर. खालच्या तारांवर तुमची चिप आहे, तिने ३४ साठवले. वरच्या तारांवर या बँकेचे काहीच नाही, त्यामुळे १२ कोठेही साठले नाहीत. तरीही लगेच वाचल्यावर ते परत मिळाले, याचे कारण तारांची स्वतःची धारिता. शेवटी ठेवलेली पातळी मोकळी तार थोडा वेळ धरून ठेवते. तुमचा छोटा प्रोग्रॅम कॅशमधून चालत असल्यामुळे लिहिणे आणि वाचणे यांच्या मध्ये बसवर दुसरी वाहतूक झाली नाही, आणि तारांवर राहिलेले १२ च कंट्रोलरने उचलले. शंभर ठिकाणी लिहिल्यावर ती पातळी पुसली गेली आणि पुल-अप रेझिस्टरांनी तारा वर ओढून एफएफ दाखवले. मेमरी तपासताना लिहिलेली जागा लगेच वाचू नये, आधी सगळीकडे लिहून मग पहिल्यापासून वाचावे, असे जे सांगतात ते याचसाठी. तुम्ही शंभर जागांची चाचणी घेतली नसती, तर हा दोष प्रकल्पाच्या सादरीकरणाच्या दिवशीच समोर आला असता.

आता दुरुस्ती. रुंदीचे रजिस्टर बीडब्ल्यूएसकॉन हे असून त्याचा पत्ता हेक्स ४८०००००० आहे. त्यात प्रत्येक बँकेला चार बिट दिलेले आहेत. बँक १ चे बिट ४ ते ७ आहेत. त्यांपैकी ४ आणि ५ हे रुंदीचे : दोन्ही शून्य म्हणजे आठ बिट, ०१ म्हणजे सोळा, १० म्हणजे बत्तीस. तुम्हाला हे दोन्ही बिट शून्य करायचे आहेत. मात्र संपूर्ण रजिस्टरावर नवी संख्या एकदम लिहू नका. आधी रजिस्टर वाचा, त्यातील ४ आणि ५ एवढेच बिट शून्य करा, आणि मग ते परत लिहा. याच रजिस्टराच्या वरच्या भागात बँक ६ आणि ७ यांची रुंदी आहे, तेथे तुमचा एसडीरॅम, म्हणजे बोर्डाची मुख्य मेमरी, बसलेला आहे आणि तुमचा प्रोग्रॅम त्यातूनच चालतो. ते बिट चुकून बदलले, तर पुढची सूचना वाचण्याआधीच बोर्ड कोसळेल. बँक ० ची रुंदी मात्र येथून बदलता येत नाही. ती चालू होताना ओएम या पिनांवरील पातळीवरून ठरते आणि रजिस्टरात केवळ वाचता येते.

ॲड्रेस लाइनही पाहून घ्या. या प्रोसेसरमध्ये आठ बिटांच्या चिपचा ए०, म्हणजे पत्त्याची पहिली पिन, प्रोसेसरच्या ॲड्रेस ० ला जोडतात, सोळा बिटांच्या चिपचा ए० ॲड्रेस १ ला, आणि बत्तीस बिटांच्या रचनेत ॲड्रेस २ ला. तुमचा ए० ॲड्रेस ० ला असेल तर जोडणी योग्य आहे.

तुम्ही विचारलेले नाही, तरी बिट ७ विषयी सांगणे आवश्यक वाटते, कारण पुढे रुंदी वाढवाल तेव्हा तो अडवणार आहे. हा बिट शून्य असला, तर प्रोसेसरच्या चार पिना प्रत्येक बाइटच्या राइट एनेबलचे, म्हणजे लिहिण्याच्या इशाऱ्याचे, काम करतात, म्हणजे त्या फक्त लिहिताना खाली जातात. तो एक असला, तर त्याच पिना बाइट निवडणाऱ्या होतात आणि वाचतानाही खाली जातात. अपर बाइट व लोअर बाइट अशा पिना असलेली सोळा बिटांची एकच एसरॅम वापरली, तर हा बिट एक हवा. आठ बिटांच्या दोन चिपा शेजारी बसवून सोळा बिट केले आणि त्यांच्या राइट एनेबल या पिनांना जोडल्या, तर तो शून्यच हवा. या दुसऱ्या रचनेत चुकून एक ठेवला, तर वाचायला गेल्यावर चिपला लिहिण्याचा इशारा मिळतो आणि वाचण्यानेच मेमरीतील मजकूर नष्ट होतो. हा दोष शोधण्यात माणसांचे आठवडे जातात, कारण तपासण्यासाठी वाचावे तितका तो वाढत जातो.

प्रश्न : केळीच्या बागांसाठी ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारा कंट्रोलर आम्ही येथे तयार करतो. आमची एसरॅम वेगळ्या छोट्या बोर्डावर असून मध्ये ॲड्रेस व डेटा या दोन्हींवर बफर (तारांवरील संकेत पुढे पोहोचवणाऱ्या चिपा) आहेत. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत एकही तक्रार आली नाही. एप्रिल लागल्यापासून दुपारी एक ते चारच्या दरम्यान यंत्रे अडकतात, संध्याकाळी पुन्हा चालू केली की नीट चालतात. मोटारीच्या खोलीत भिंतीवर लावलेल्या पत्र्याच्या पेटीत तापमान मोजले, ते ६३ अंश सेल्सिअस भरले. चिप ५५ नॅनोसेकंदांची आहे, तिच्यावर ७० अंशांची मर्यादा लिहिलेली आहे. बसचे घड्याळ १०० मेगाहर्ट्‌झचे आहे आणि आम्ही ६ क्लॉक, म्हणजे ६० नॅनोसेकंद ठेवले आहेत. ८५ अंशांपर्यंतची औद्योगिक दर्जाची चिप घ्यावी का?
— एक लघुउद्योजक, रावेर

उत्तर : चिप बदलण्याचा खर्च करू नका. तुमच्या मोजमापावरूनच दिसते की चिप तिच्या मर्यादेच्या आत आहे : मर्यादा ७० अंशांची आणि पेटीत ६३. तिने दिलेला शब्द ती पाळते आहे. ५५ नॅनोसेकंदांत उत्तर देईन, असे तिच्या डेटाशीटने म्हटले आहे. प्रश्न असा आहे की आपण तिला खरोखर ५५ नॅनोसेकंद दिले का?

हिशोब करून पाहू. पत्ता प्रोसेसरच्या पिनवर उमटतो तेथपासून डेटा प्रोसेसरने उचलेपर्यंतचा सगळा प्रवास ६० नॅनोसेकंदांत व्हायला हवा. पत्ता आधी बफरमधून जातो. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या डेटाशीटप्रमाणे बफरचा जास्तीत जास्त उशीर ७ नॅनोसेकंद आहे. चिपने उत्तर दिल्यावर डेटा पुन्हा दुसऱ्या बफरमधून येतो, त्याचे आणखी ७. प्रोसेसरला पत्ता बाहेर काढायला लागणारा उशीर आणि डेटा उचलण्यापूर्वी तो स्थिर असण्याची त्याची गरज या दोन्हींसाठी मी मिळून १० धरतो. हे झाले २४. साठातून चोवीस गेले, उरले ३६. म्हणजे ५५ मागणाऱ्या चिपला तुम्ही ३६ नॅनोसेकंद दिले आहेत.

मग हिवाळ्यात यंत्रे चालली कशी, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. डेटाशीटमधला ५५ हा आकडा सर्वांत वाईट परिस्थितीचा असतो : चिप गरम आहे, तिला मिळणारा दाब मर्यादेच्या खालच्या टोकाला आहे आणि ती ज्या खेपेत तयार झाली त्या खेपेतील चिपा मंद आहेत. थंड हवेत, भरपूर दाबावर बहुतेक चिपा त्यापेक्षा बऱ्याच लवकर उत्तर देतात. सीमॉस प्रकारच्या चिपेत तापमान वाढले की ट्रान्झिस्टरमधील विद्युतभारांची हालचाल मंदावते आणि उशीर वाढतो. बफर आणि प्रोसेसर हेही त्याच जातीचे असल्यामुळे तेही मंदावतात. जानेवारीच्या पहाटे ३६ नॅनोसेकंद पुरले, एप्रिलच्या दुपारी पुरले नाहीत. रावेर, यावल, भुसावळ, जळगाव या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याच्या बंद पेटीतील तापमान बाहेरच्यापेक्षा किती वाढते हे तुम्ही स्वतः मोजलेच आहे. शिवाय त्याच खोलीत मोटार आहे. मोटार सुरू होताना वीजदाब खाली येतो. तुमच्या पुरवठ्यात पुरेसे कपॅसिटर नसतील, तर तो झटका ३.३ व्होल्टपर्यंत पोहोचतो आणि उशिरात आणखी भर घालतो. एकदा ऑसिलोस्कोप लावून मोटार सुरू होण्याच्या क्षणी ३.३ व्होल्टची रेषा पाहा.

औद्योगिक दर्जाची चिप घेतली तरी तिच्यावरही ५५च लिहिलेले असेल. ती ८५ अंशांपर्यंत ५५ची हमी देते, ३६ची देत नाही. पैसे जातील आणि पुढच्या मे महिन्यात तक्रार पुन्हा येईल.

आता काय ठेवायचे ते पाहू. एकूण गरज ५५ अधिक २४, म्हणजे ७९ नॅनोसेकंद. बँककॉन१ या रजिस्टरात प्रवेशवेळेचे तीन बिट, ८ ते १०, आहेत. त्यांतून १, २, ३, ४, ६, ८, १० किंवा १४ क्लॉक एवढेच पर्याय मिळतात. ८ क्लॉक म्हणजे ८० नॅनोसेकंद. हिशोबाला ते पुरतात, पण हाती एकच नॅनोसेकंद उरतो, आणि प्रोसेसरसाठी मी धरलेले १० हे काही छापील वचन नाही. तुमच्यासारख्या ठिकाणी मी १० क्लॉक ठेवीन. तुमचा कंट्रोलर मिनिटाला एकदा नोंद करतो आणि व्हॉल्व्ह उघडतो किंवा बंद करतो. त्याला प्रत्येक वाचनामागे ४० नॅनोसेकंद जास्त लागले, तर केळीच्या झाडाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

लिहिण्याच्या बाजूचाही विचार करा. तुम्ही पाठवलेल्या प्रोग्रॅममध्ये फेरीच्या शेवटी चिप सिलेक्ट (चिप निवडणारा इशारा) आणि पत्ता धरून ठेवण्याचे असे दोन्ही थांबे शून्य आहेत. तुमच्या रचनेत पत्ता बफरमधून जातो आणि राइट एनेबल वेगळ्या वाटेने. राइट एनेबल वर जाण्याआधीच पुढचा पत्ता चिपेपर्यंत पोहोचला, तर शेजारच्या जागेवर भलतेच लिहिले जाते, आणि अशी चूक पुढे केव्हा दिसेल याचा नेम नसतो. म्हणून दोन्ही थांबे एकेक क्लॉकचे करा. सर्व मिळून बँककॉन१ मध्ये आज असलेल्या हेक्स ०४०० च्या जागी ०६५० येईल. प्रोसेसर चालू होताना या रजिस्टरात आपोआप ०७०० असते, म्हणजे १४ क्लॉक, सर्वांत संथ. बोर्ड कोणत्याही चिपेसह निदान सुरू तरी व्हावा, यासाठी ही व्यवस्था आहे. तेथून खाली उतरायचे ते हिशोबाने.

हे सारे मान्य करण्याआधी माझे निदान तपासून पाहा. कार्यशाळेतील एक बोर्ड घ्या, केस वाळवण्याच्या यंत्राने चिपेजवळचे तापमान ६५ अंशांवर आणा, ते तेथे टिकवा, आणि जुन्या ६ क्लॉकवर मेमरीची पूर्ण चाचणी अर्धा तास चालवा. चाचणीत चुका आल्या, तर कारण सापडले. मग ८ वर आणि १० वर तेच करा. ६ वर गरम असतानाही एकही चूक आली नाही, तर मात्र माझे निदान चुकले असे समजा आणि वीजपुरवठा व कनेक्टर यांकडे वळा. पेटी उत्तरेच्या भिंतीवर हलवणे, तिला वरखाली जाळीची भोके ठेवणे हेही जरूर करा, कारण त्याने सर्वच भागांचे आयुष्य वाढते. पण सावलीत हलवलेली पेटी हा अपुऱ्या वेळेवरचा इलाज नव्हे.

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून इतके लिहिले. अनेक वर्षांपूर्वी एका दूध संकलन केंद्राच्या वजनयंत्रासाठी मी असाच बोर्ड केला होता आणि डिसेंबरमध्ये टेबलावर चालतो एवढे पाहून ४ क्लॉक ठेवले होते. उन्हाळ्यात सकाळचे दूध बरोबर मोजले जाई आणि संध्याकाळच्या नोंदी बिघडत. माणसे रांगेत कॅन घेऊन उभी असत. वजनाचा काटा खोटा आहे असे त्यांना वाटले, आणि तसे वाटण्यात त्यांची काही चूक नव्हती. तेव्हापासून डेटाशीटमधील जास्तीत जास्त उशिराचा रकाना सोडून दुसऱ्या रकान्यावर मी कोणताही बोर्ड बाहेर दिलेला नाही.

प्रश्न : बाहेरच्या उपकरणाला जास्त वेळ मिळावा म्हणून मी बँक ५ चा वेट बिट चालू केला. तो चालू करताच त्या बँकेच्या पहिल्याच वाचनाला बोर्ड कायमचा थांबतो.
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : वेट बिटाने वेळ वाढत नाही. “उपकरण थांब म्हणत असेल तोवर थांब” एवढीच आज्ञा तो कंट्रोलरला देतो. प्रोसेसरची वेट ही पिन खाली असेपर्यंत फेरी पुरी होत नाही. तुमच्या उपकरणाला असा इशारा देणारी पिन आहे का, ते आधी पाहा. नसेल, तर हा बिट शून्य ठेवा आणि वेळ बँककॉन५ मधून वाढवा. असेल, तर ती तार खरोखर जोडलेली आहे का आणि तिच्यावर वर ओढणारा रेझिस्टर आहे का, हे पाहा. मोकळी सोडलेली पिन खाली वाचली गेली, तर बोर्ड उभ्या जन्मात पुढे सरकणार नाही. ही पिन सर्व बँकांना सामाईक असते, म्हणून एकाहून अधिक उपकरणे जोडताना त्यांचे आउटपुट ओपन-ड्रेन, म्हणजे तार फक्त खाली ओढणारे, असावेत. वेट वापरताना प्रवेशवेळ ४ क्लॉकपेक्षा कमी ठेवायची नाही, अशीही अट आहे, कारण त्याहून कमी वेळात कंट्रोलरला तो इशारा पाहायला सवड मिळत नाही.

प्रश्न : मी आयटीआयमध्ये शिकवते. एसटीएम३२एफ४०७ च्या बोर्डावर रंगीत टीएफटी पडदा एफएसएमसीमधून, म्हणजे त्या चिपेच्या मेमरी कंट्रोलरमधून, जोडला आहे. पडद्याची आरएस पिन (आलेली संख्या आज्ञा की डेटा हे सांगणारी) ए१६ वर आहे. आठ बिटांत पडदा चालत होता. वेग वाढावा म्हणून सोळा तारा जोडल्या आणि रुंदीचे बिट बदलले, तर पडदा पांढराच राहतो. डेटाचा पत्ता पूर्वीप्रमाणेच हेक्स ६००१०००० आहे.
— एक शिक्षिका, नंदुरबार

उत्तर : ताई, तुमच्या तारा बरोबर आहेत. पत्ता बदलायचा राहिला आहे. डेटाचा पत्ता ६००२०००० करा.

पहिल्या उत्तरात सांगितले की एस३सी२४४० मध्ये रुंदी बदलली की ॲड्रेस लाइनची जोडणी बोर्डावर एकेक घर सरकवावी लागते. एफएसएमसीमध्ये हे सरकवणे चिपेच्या आतच होते. बाहेरची मेमरी सोळा बिटांची आहे असे सांगितले, की आतला पत्ता एका बिटाने उजवीकडे सरकून बाहेरच्या पिनांवर येतो. म्हणजे बाहेरचा ए० नेहमी चिपेच्या ए० लाच जोडायचा, रुंदी कोणतीही असो. जोडणी करणाऱ्याला ही मोठी सोय आहे, परंतु पडद्यासारख्या उपकरणात ॲड्रेस लाइन एखाद्या स्विचसारखी वापरली जाते, तेथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे ध्यानात ठेवावे लागते. आठ बिटांत ए१६ वर करण्यासाठी पत्त्यातील बिट १६ एक करावा लागे, म्हणून ६००१००००. सोळा बिटांत तेच काम बिट १७ करतो, म्हणून ६००२००००. तुमचा जुना पत्ता आता ए१५ वर करतो आहे आणि आरएस खालीच राहते, त्यामुळे तुम्ही पाठवलेला प्रत्येक रंग पडद्याला आज्ञा वाटतो.

पत्ता बदलल्यावर पडदा उमटेल. पण तुम्ही आता वेग वाढवायला निघाला आहात, म्हणून वेळांविषयीही सांगतो. तुमच्या पडद्यात आयएलआय९३४१ हा कंट्रोलर असल्याचे तुम्ही लिहिले आहे. त्याला लिहिण्याची एक फेरी किमान ६६ नॅनोसेकंदांची लागते, पण पडद्याच्या मेमरीतून रंग परत वाचण्याची फेरी किमान ४५० नॅनोसेकंदांची. दोन्हींत जवळजवळ सातपट फरक आहे. १६८ मेगाहर्ट्‌झला एक क्लॉक सुमारे ५.९५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे लिहायला १२ क्लॉक पुरतात आणि वाचायला ७६ लागतात. एकच वेळ ठेवली, तर एक तर लिहिणे विनाकारण रखडते, नाही तर वाचलेले रंग चुकतात. म्हणून बीसीआर१ मधील एक्स्टेंडेड मोडचा बिट, म्हणजे बिट १४, चालू करा. मग वाचण्याची वेळ बीटीआर१ मधून आणि लिहिण्याची बीडब्ल्यूटीआर१ मधून स्वतंत्रपणे घेतली जाते. वर्गात मुलांना दाखवायला हे उदाहरण फार चांगले आहे. आधी दोन्हींना लिहिण्याची वेळ देऊन एक रंग लिहायला आणि परत वाचायला सांगा, मुलांना चुकलेला रंग डोळ्यांनी दिसेल. मग वाचण्याची वेळ वाढवून तोच प्रयोग पुन्हा करून घ्या.

प्रश्न : बॅटरी जास्त टिकावी म्हणून बोर्डाचे बसघड्याळ १०० मेगाहर्ट्‌झवरून ५० वर आणले. घड्याळ संथ केल्यावर सर्व काही अधिकच सुरक्षित व्हायला हवे. पण रात्रभर चालू ठेवलेल्या बोर्डावर सकाळी एसडीरॅममधील जुन्या नोंदी बिघडलेल्या सापडतात. सतत वापरातला भाग मात्र चांगला असतो.
— एक वाचक, धुळे

उत्तर : शेवटच्या वाक्यात तुम्ही स्वतःच उत्तर दिले आहे. एसडीरॅममधील प्रत्येक बिट म्हणजे विजेचा एक सूक्ष्म साठा असतो आणि तो सतत गळत असतो. ठरलेल्या मुदतीत तो पुन्हा भरावा लागतो, त्यालाच रिफ्रेश म्हणतात. एखादी ओळ वाचली किंवा लिहिली गेली, तर ती आपोआप भरली जाते. म्हणून तुमचा वापरातला भाग टिकला आणि ज्याला रात्रभर कोणी हात लावला नाही तो गळून गेला.

तुमच्या चिपेत ८१९२ ओळी आहेत आणि त्या सगळ्या ६४ मिलिसेकंदांत एकदा भरायच्या आहेत. म्हणजे साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदांना एक ओळ. एस३सी२४४० च्या रिफ्रेश रजिस्टरात ही मुदत उलट मोजणीने लिहितात : २०४९ मधून हव्या तितक्या क्लॉकची संख्या वजा करायची. १०० मेगाहर्ट्‌झला ७.८ मायक्रोसेकंद म्हणजे ७८० क्लॉक, म्हणून तेथे १२६९ लिहिलेले आहे, आणि ते त्या वेगाला अचूक होते. घड्याळ ५० वर आल्यावर तेच ७८० क्लॉक १५.६ मायक्रोसेकंदांचे झाले. सगळ्या ओळी भरायला ६४ ऐवजी जवळजवळ १२८ मिलिसेकंद लागू लागले. आता ३९० क्लॉक हवेत, म्हणजे रजिस्टरात १६५९.

घड्याळ संथ केल्यावर सगळे सुरक्षित होते, हा तुमचा समज एसरॅमच्या प्रवेशवेळेपुरता खरा आहे. ती “इतका वेळ तरी मिळालाच पाहिजे” अशा प्रकारची मर्यादा आहे. रिफ्रेशची मर्यादा “याहून जास्त वेळ जाता कामा नये” अशी आहे, आणि ती संथ घड्याळाने मोडते. त्यामुळे दोघांचा क्रमही उलटा ठेवावा लागतो. घड्याळ कमी करताना आधी रिफ्रेशमध्ये १६५९ लिहा आणि नंतर घड्याळ उतरवा. मधल्या क्षणभरात रिफ्रेश गरजेच्या दुप्पट वेगाने होईल, त्याने काही बिघडत नाही. एसरॅमचे क्लॉक कमी करायचे असले, तर ते घड्याळ उतरल्यानंतर करा. घड्याळ पुन्हा वाढवताना आधी एसरॅमचे क्लॉक वाढवा, मग घड्याळ चढवा, आणि सर्वांत शेवटी रिफ्रेशमध्ये १२६९ परत लिहा. एसडीरॅमच्या वेळा बदलणारा हा एवढा प्रोग्रॅम त्याच एसडीरॅममधून चालवू नका. प्रोसेसरच्या आत ४ किलोबाइटची एसरॅम आहे, तेथे तो आधी उतरवून घ्या आणि तेथूनच चालवा.